चाकाचे नट : आवळा, पण बेताने

दिवाळी आली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात वाहनांना उसंत नसते. घाटावर सोयाबीन, घाटाखाली कापूस; जो तो माल भरून बाजाराला निघतो. राजूरचा किंवा बोथ्याचा घाट भरल्या ट्रॉलीने उतरायचा म्हणजे चाक पक्के हवे. आपण डिझेल बघतो, टायरची हवा बघतो. चाकाच्या नटांकडे मात्र चाक खडखडल्यावरच लक्ष जाते. तोवर उशीर झालेला असतो.

नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा चाकाची डिस्क हबवर दाबून धरतो. ओझे पेलते ते या दाबामुळे. नट ढिला असला तर डिस्क हलते, भोके लांबट होतात आणि बोल्ट तुटू लागतात. एक तुटला की त्याचा भार बाकीच्यांवर पडतो.

मग पान्यात पाइप घालून, त्यावर उभे राहून आवळावे काय? मुळीच नाही. साध्या मोटारगाडीच्या नटाला साधारण १० ते १२ किलो-मीटर जोर पुरतो. म्हणजे अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला २० ते २४ किलोचा ओढा. ६० किलोचा माणूस एक मीटर पाइपवर उभा राहिला तर हा जोर पाच-सहा पट होतो. बोल्ट प्रमाणाबाहेर ताणतो, आटे जातात. ट्रॅक्टर-ट्रॉलीला जोर जास्त लागतो. तो माहितीपुस्तिकेत पाहावा आणि जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने द्यावा.

चाक बसवताना ट्रॉली रिकामी व सपाट जागी असावी. दुसऱ्या चाकांना दगड लावा, जॅकखाली फळी ठेवा. हब आणि डिस्क तारेच्या ब्रशने घासा. मध्ये काळी माती किंवा दसऱ्याला दिलेल्या रंगाचा जाड थर राहिला, तर तो पुढे दबतो व नट आपोआप ढिला पडतो. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. नटाची उतरती बाजू असेल तर ती चाकाकडे ठेवा.

सगळे नट आधी हाताने फिरवा. मग एक झाला की त्याच्या समोरचा, असे आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकाच बाजूने गेलात तर चाक तिरके बसते. चाक जमिनीला टेकले की शेवटचा जोर द्या.

काम इथे संपत नाही. पहिल्या भरल्या खेपेनंतर नट पुन्हा तपासा. गाडीचे चाक बदलले असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर तपासा. समृद्धी महामार्गावर वेगाने जाणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. घाट उतरल्यावर ड्रम तापलेला असतो. तो निवल्यावरच पाना लावा.

एक सोपी युक्ती सांगतो. आवळून झाल्यावर नटापासून डिस्कपर्यंत ऑइलपेंटची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला असे समजा. नटाभोवती गंजाचा लाल ओघळ दिसला तरी सावध व्हा.

पाच मिनिटांचे हे काम आहे. घरच्या मुलामुलींनाही ती रेघ बघायला शिकवा. निघण्यापूर्वी कुणा एकाची नजर तिकडे गेली, तरी पुष्कळ झाले.