चटणीच्या पाकिटामागचा हिशेब: स्थानिक अन्न उत्पादकांसाठी मार्केटिंग हेही करिअर आहे

स्पर्धा परीक्षेचे तीन-चार प्रयत्न झाले की आपल्याकडच्या पदवीधरांसमोर 'आता काय?' हा प्रश्न येतो. उत्तरांची यादी ठरलेली असते. पोलीस भरती, बँक, एखाद्या संस्थेत प्रकल्प समन्वयक, नाहीतर पुण्या-मुंबईत सेल्सची नोकरी. या यादीत क्वचितच दिसणारे एक काम आहे. गावात तयार होणारी हळद, ज्वारी, डाळ, चटणी, पापड योग्य किमतीला आणि खोटे न बोलता विकून द्यायचे, आणि ते करताना माती, पाणी व राबणारी माणसे झिजू द्यायची नाहीत. नोकरीच्या जाहिरातींत याला मार्केटिंग आणि सस्टेनेबिलिटी अशी भारदस्त नावे असतात. प्रत्यक्षात त्यात वजनकाटा, हिशेबाची वही आणि दुकानदाराशी घासाघीस यांचाच भाग मोठा असतो.

या कामाचा आपल्याशी संबंध जमिनीपासून सुरू होतो. २०११च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.६ टक्के होती. २०१५-१६च्या कृषी गणनेत मात्र त्यांच्या वहितीखालची जमीन एकूण क्षेत्राच्या नऊ टक्क्यांच्या आसपासच होती. म्हणजे 'शेतीत उतरा' हा सल्ला आपल्यातल्या बहुतेकांना लागूच होत नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान धारण क्षेत्रांवर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, शेतीवर अडकून पडलेल्या जादा हातांना शेतीबाहेर उत्पादक काम मिळाले पाहिजे, असा त्याचा रोख होता. दळणे, भाजणे, पॅकिंग, वाहतूक आणि विक्री या कामांना सातबारा लागत नाही. शेतमालाच्या किमतीतला मोठा वाटा याच टप्प्यांवर पडतो, आणि तिथे आपण फारसे नाही.

आता मूळ मुद्दा, किंमत. बचत गटांच्या प्रदर्शनांत माल चांगला असतो, गर्दीही असते, तरी वर्षअखेर हातात काही उरत नाही. याचे कारण बहुतेक वेळा 'जाहिरात कमी पडली' हे नसते. उदाहरणादाखल शेंगदाणा चटणीचा हिशेब मांडू. आकडे फक्त समजण्यासाठी धरले आहेत, तुमच्या गावचे दर त्यात घाला. एक किलो चटणीला दाणे १४० रुपयांचे. मिरची, लसूण, मीठ, जिरे मिळून ६० रुपये. गट २०० ग्रॅमचे पाकीट ६० रुपयांना विकतो, म्हणजे किलोला ३०० रुपये. कच्चा माल २०० चा, विक्री ३०० ची, म्हणून 'शंभर सुटले' असे सगळ्या समजतात.

पण गॅस आणि कांडपाचे २० रुपये धरलेच नाहीत. पाच पाकिटे आणि लेबले यांचे ४० रुपये कुणीतरी पदरचे घातलेले असतात. आणि तीन बाया दिवसभर बसून दहा किलो चटणी करतात, त्यांची मजुरी? प्रत्येकी ३५० रुपये धरले तर किलोमागे १०५ रुपये होतात. खरा खर्च ३६५ रुपये, विक्री ३०० रुपये. दिवसाला हाती पडणारे चारशे रुपये तिघींत वाटले तर प्रत्येकीला १३३ रुपये. त्या दिवशी शेजारच्या शेतात खुरपायला गेल्या असत्या तर जास्त मिळाले असते. या तोट्याला आपण 'महिला सक्षमीकरण' म्हणतो आणि टाळ्या वाजवतो.

हाच माल दुकानात ठेवायचा तर गणित आणखी बदलते. पाकीट ११० रुपयांना ठेवले, दुकानदाराने २५ टक्के घेतले, तर किलोमागे ५५० मधून साडेचारशेच्याही खाली, ४१२ रुपये ५० पैसे हातात येतात. वाहतूक आणि परत आलेली पाकिटे यांचे २५ गेले, खर्चाचे ३६५ गेले. उरले साडेबावीस रुपये. जीएसटी बाजूलाच ठेवला आहे. ११० रुपये ऐकून गटातल्या ताई दचकतात, 'एवढ्याला कोण घेईल?' म्हणतात. एवढ्याला घेणारा गिऱ्हाईक शोधणे, त्याला ती किंमत का हे पटवणे, आणि तोवर गटाला घाबरून भाव पाडू न देणे हे मार्केटिंगवाल्याचे काम. इन्स्टाग्रामवरचा रील फार नंतर येतो.

सस्टेनेबिलिटी हा शब्द याच हिशेबात बसवून पाहिला पाहिजे. काचेची बरणी दिसायला छान आणि पुन्हा वापरता येणारी, पण तिचे वजन वाहतुकीत लागते आणि फुटली तर माल गेला. गावातल्याच ग्राहकाकडून बरणी परत घेता येत असेल तर ती परवडते, नागपूरहून मुंबईला पाठवायची तर नाही. पातळ प्लास्टिकच्या पाकिटात दाण्यांना लवकर खवट वास येतो आणि परतावे वाढतात. वाया गेलेले अन्न हेही पर्यावरणाचे नुकसानच आहे, हे पॅकिंगच्या चर्चेत हटकून विसरले जाते. आणि करणारीची मजुरी निघत नसेल, तर कितीही कागदी पिशव्या वापरल्या तरी तो धंदा टिकाऊ नाही.

लेबलवर काय लिहायचे हा दुसरा कळीचा भाग. अन्न परवाना किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क, एवढे तर लागतेच. खरी अडचण 'सेंद्रिय', 'नैसर्गिक', 'पर्यावरणपूरक' या शब्दांची. पाकीटबंद माल सेंद्रिय म्हणून दुकानांतून विकायला प्रमाणीकरण लागते. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, एनपीओपीखालील संस्थेकडून प्रमाणपत्र. दुसरा, पीजीएस-इंडिया, ज्यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतो. लहान शेतकऱ्याला दुसरा मार्ग स्वस्त पडतो, पण नोंदी काटेकोर ठेवाव्या लागतात. २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाविषयीच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. दावा केला तर पुरावा हवा. वही लिहिणारा, फोटो-पावत्या जपणारा तरुण गटाला या जागी उपयोगी पडतो.

भौगोलिक मानांकनाचेही तसेच. महाराष्ट्रात वायगावची हळद, भिवापूरची मिरची, मंगळवेढ्याची ज्वारी, नवापूरची तूरडाळ, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ अशी बरीच उत्पादने जीआय मिळालेली आहेत. मानांकन मिळाले म्हणजे भाव मिळाला, असा समज पसरलेला आहे. कायद्याप्रमाणे ते नाव वापरण्याचा हक्क अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यालाच मिळतो. नोंद नसलेला शेतकरी अस्सल माल पिकवूनही ते चिन्ह लावू शकत नाही. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जीआय मिळाला, तरी दुसरीकडचे आंबे 'देवगड' लिहिलेल्या पेट्यांत विकले जातात, हे बाजारात जाणाऱ्या कुणालाही माहीत आहे. शेतकऱ्यांची नोंदणी करून देणे आणि ग्राहकाला खरे-खोटे ओळखायला शिकवणे, एवढ्यावरही एखाद्या तालुक्यात पूर्णवेळ काम उभे राहू शकते.

आता जो विषय मार्केटिंगच्या पुस्तकांत नसतो, तो. अन्न विकताना आपल्या देशात ते कुणी हाताळले हे विचारले जाते, कधी तोंडाने, कधी आडनाव वाचून. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातील सुखीढांग येथे दलित भोजनमातेने शिजवलेले अन्न काही सवर्ण विद्यार्थ्यांनी नाकारले आणि तिलाच कामावरून काढले गेले; गदारोळ झाल्यावर तिला परत घेण्यात आले. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ मध्ये 'दलित फूड्स' या नावानेच मसाले आणि लोणचे विकायला काढले. जात लपवून विकायचे की पाकिटावर छापून, हा प्रश्न त्यांनी थेट बाजारात नेला.

माझे मत विचाराल तर सक्ती दोन्हीकडची नको. गावातल्या आठवडी बाजारात बसणाऱ्या बाईवर अस्मितेचे ओझे टाकणे शहरात बसून सोपे असते. निर्णय गटाने घ्यावा, मार्केटिंगवाल्याने नव्हे. दुसरीकडे, शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये आले आणि २०२४ मध्ये इंग्रजीत गेले, तेव्हापासून मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांबद्दल शहरी कुतूहल वाढले आहे. उद्या चान्या एखाद्या महागड्या हॉटेलच्या मेन्यूवर दिसल्या तर नवल वाटायला नको. त्या ताटाचे पैसे कुणाच्या खिशात जातात, हे पाहणारी आपली माणसे त्या व्यवहारात आधीपासून असायला हवीत.

या कामात शिरायचे कसे? शेतकरी उत्पादक कंपन्या हा एक दरवाजा आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या दहा हजार एफपीओ योजनेत पहिली तीन वर्षे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पगारासाठी महिना २५ हजारांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. पगार मोठा नाही, पण खरेदी, साठवण, विक्री, बँक, ऑडिट सगळे एकाच जागी शिकायला मिळते. मोठी अडचण अशी की साहाय्य संपल्यावर कंपनीने स्वतःच्या कमाईतून पगार द्यायचा असतो, आणि अनेकदा तिथेच गाडे अडते. रुजू होण्याआधी ताळेबंद मागून पाहावा.

दुसरा दरवाजा पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना. तिच्यात वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान आणि बचत गटातील सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल ठरवलेले होते. अर्जदाराला प्रकल्प अहवाल आणि बँकेच्या कागदपत्रांत मदत करणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तींना मंजूर प्रकरणांमागे मानधन मिळते. योजनेची सध्याची मुदत आणि अटी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारूनच पुढे जावे.

शिक्षण घ्यायचेच असेल तर पुण्याची वैमनीकॉम, हैदराबादची मॅनेज आणि आणंदची इर्मा या संस्था कृषी व्यवसाय किंवा ग्रामीण व्यवस्थापन शिकवतात. पण फी भरण्याआधी तुमच्या तालुक्यातला एकच गट निवडा, त्याच्या एका पदार्थाचा वरच्यासारखा किलोचा हिशेब मांडा आणि तो गटातल्या सगळ्यांसमोर वाचून दाखवा. मजुरीचा रकाना आला की गप्पा थांबतात. मग किंमत किती ठेवायची, यावर पहिल्यांदा खरी चर्चा सुरू होते.