कॅरी व त्याचे ख्मेर पर्याय

‘कॅरी’ हे इंग्रजी भाषेतील एक बह्वर्थी क्रियापद. त्याचा मूळ अर्थ ‘गाडीतून वाहून नेणे’. पुढे अर्थविस्तार होऊन ओझे वाहणे, रोगजंतू बाळगणे, ठराव संमत करणे, बेरजेत हातचा धरणे इ. अर्थ त्यास प्राप्त झाले. कंबोडियाच्या ख्मेर भाषेत (ऑस्ट्रो-आशियाई कुल) केवळ शारीरिक वहनासाठीच अनेक स्वतंत्र क्रियापदे आहेत : डोक्यावरून नेणे ‘तूल’, खांद्यावरून ‘ली’, कावडीने ‘रॅक’, हातात लोंबते धरून ‘युअ’, मूल उचलून घेणे ‘पॉ’, दोघांनी वा अधिकांनी मिळून नेणे ‘साएंग’ आणि वाहनातून नेणे ‘डक’. इंग्रजीप्रमाणे मराठीतही ही रीत ‘डोक्यावर’, ‘कडेवर’ अशा शब्दांनी वेगळी सांगावी लागते. ख्मेरमध्ये ती क्रियापदातच अंतर्भूत असते. त्यामुळे ‘रुग्णास नेले’ अशा आशयाच्या इंग्रजी वाक्याचे नेमके भाषांतर करताना वाहणारा एक होता की अनेक, हे अनुवादकास संदर्भावरून ठरवावे लागते. निवड चुकल्यास वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध राहते, परंतु घटना बदलते. म्हणून द्विभाषिक कोशात अशा क्रियापदापुढे एकच प्रतिशब्द देणे अपुरे ठरते. प्रत्येक पर्यायाबरोबर वहनाची रीतही नोंदवावी लागते.