चाहत्यांनी नाकारलेला अल्बम

आवडत्या बँडचा नवा अल्बम आला की दोन मतं हमखास ऐकू येतात: 'पुन्हा तेच' किंवा 'हे काय भलतंच!' मेलोडिक पंक ऐकणाऱ्यांत हा वाद जुनाच. लॉस एंजेलिसच्या 'बॅड रिलिजन'ला मात्र तो फार महागात पडला.

शाळकरी वयात बँड काढलेल्या या पोरांचं नाव १९८२च्या पहिल्या अल्बमने झालं. सुसाट गिटार, तरी गुणगुणता येईल अशी चाल. पुढच्याच वर्षी आला 'इन्टू द अननोन', आणि त्यात चक्क सिंथेसायझर, लांबलेली, संथ गाणी! चाहते बिथरले, प्रती पडून राहिल्या. बेस वाजवणारा जे बेंटली तर आधीच बाहेर पडला होता. १९८५च्या छोट्या रेकॉर्डचं नाव 'बॅक टू द नोन'. माघार नावातच आली.

मग १९८८ला 'सफर' (आपला प्रवासाचा नव्हे, इंग्रजीतला, सोसण्याचा). पंधरा गाणी, जेमतेम २६ मिनिटं, कीबोर्ड गायब. चाहत्यांनी तो डोक्यावर घेतला.

पण ते पूर्ण बरोबर होते असं मला वाटत नाही. ग्रेग ग्राफिनची चालीची ओढ दोन्हीकडे तीच आहे, फक्त वेग बदललाय. बँडने बरीच वर्षं बाजूला ठेवलेला तो अल्बम २०१०च्या रेकॉर्डसंचात पुन्हा निघाला. आधी 'सफर' ऐका, लगेच तो लावा आणि वाद्यांपेक्षा आवाजाकडे लक्ष द्या.