नापास होण्याची शक्यता असलेली परीक्षा

१९९८ साली संशोधक अँड्र्यू व्हिकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांत झालेल्या वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष शेजारीशेजारी मांडून पाहिले, तेव्हा चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवान येथून आलेली अ‍ॅक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी त्या उपचाराच्या बाजूने कौल देणारी निघाली. अ‍ॅक्युपंक्चर वगळून इतर उपचारांच्या चाचण्या तपासल्या, तरी इंग्लंडमधल्या ७५ टक्के चाचण्यांत, तर चीनमधल्या तब्बल ९९ टक्के चाचण्यांत तपासला जाणारा उपचार सरस ठरला होता. ज्या परीक्षेत कोणीच नापास होत नाही, तिच्या निकालावरून विद्यार्थ्याची पात्रता कळत नाही. तसेच ज्या चाचण्यांतून कधीच नकार येत नाही, त्यांच्यावरून औषधाचा गुण ठरवता येत नाही. प्रतिकूल निष्कर्ष छापलेच न जाणे, म्हणजे प्रकाशनातला पक्षपात, हे अशा एकतर्फी यशाचे एक संभाव्य कारण असते आणि चाचणीची सदोष रचना हे दुसरे.

रचनेचा प्रश्न महत्त्वाचा अशासाठी, की औषधाखेरीज इतर अनेक कारणांनी रुग्णाला बरे वाटू शकते. पाठदुखीसारखी दुखणी आपोआप कमीजास्त होत असतात, रुग्ण बहुधा त्रास अगदी वाढल्यावरच उपचार घेतो, आणि उपचाराविषयीची आशाही वेदना हलकी करते. म्हणून विश्वासार्ह चाचणीत कोणाला औषध मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ योगायोगाने ठरवतात, ज्याला यादृच्छिक विभागणी म्हणतात. उरलेल्यांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखीच दिसणारी पण औषधी घटक नसलेली गोळी देतात. आणि कोणाला काय मिळाले हे रुग्ण व डॉक्टर या दोघांपासूनही लपवून ठेवतात, म्हणून तिला दुहेरी अंध चाचणी असे नाव आहे. चिनी नियतकालिकांत यादृच्छिक म्हणून प्रसिद्ध झालेल्या २२३५ चाचण्यांच्या लेखकांना चिनी संशोधकांनीच दूरध्वनीवरून विचारणा केली, आणि २००९ साली जाहीर झालेल्या त्यांच्या अहवालानुसार त्यांपैकी केवळ २०७ चाचण्यांमध्ये विभागणी खरोखर मान्य पद्धतीने झाली होती.

पारंपरिक चिनी वैद्यकाच्या बाबतीत ही पद्धत राबवणे अधिक कठीण असते, कारण एकाच रोगाच्या दोन रुग्णांना प्रकृतीनुसार वेगळे काढे दिले जातात, एका काढ्यात अनेक वनस्पती असतात, आणि अ‍ॅक्युपंक्चरमध्ये सुई टोचल्याचे तर रुग्णाला लगेच जाणवते. यातून मार्ग काढण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चरच्या संशोधकांनी आभासी उपचाराची योजना केली, ज्यात सुया परंपरेने सांगितलेल्या बिंदूंऐवजी इतरत्र आणि वरवर टोचल्या जातात. जर्मनीत ११६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाठदुखीच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरच्या गटातील ४७.६ टक्के, आभासी गटातील ४४.२ टक्के, तर औषधे व व्यायाम अशा प्रचलित उपचारांच्या गटातील २७.४ टक्के रुग्णांना उपचार लागू पडला. म्हणजे सुया टोचून घेणाऱ्यांना प्रचलित उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला हे खरे, पण सुई नेमक्या कोणत्या बिंदूवर टोचली याने फारसा फरक पडला नाही हेही तितकेच खरे. आणि यांपैकी एकच बाजू सांगणे ही वाचकाची दिशाभूल ठरते.

गेल्या काही वर्षांत मात्र चीनमधल्या चाचण्यांचे स्वरूप पालटू लागले आहे. तोंगशिनलुओ या तयार औषधात जिनसेंग आणि चंदन यांच्याबरोबर जळू, विंचू व गोम यांचाही समावेश असतो, आणि नुसती घटकांची यादी वाचून अनेकजण ते बाजूला सारतील. तरीही हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या ३७७७ रुग्णांवरील दुहेरी अंध चाचणीत, ज्यात सर्वांना आधुनिक उपचार चालूच होते, मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटनांचे ३० दिवसांतले प्रमाण प्लासिबोच्या गटात ५.२ टक्के, तर औषधाच्या गटात ३.४ टक्के आढळले. २०२३ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा, की साधारण ५५ रुग्णांना औषध दिल्यास एकाची गंभीर घटना टळते. हा लाभ मोलाचा असला, तरी ही चाचणी फक्त चीनमध्ये झालेली असल्यामुळे इतर देशांतील रुग्णांवर तिची स्वतंत्र पडताळणी होणे आवश्यक आहे.

त्याहून अधिक आशादायक घटना पुढच्याच वर्षी घडली, आणि ती अपयशाची होती. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका चिनी वनौषधी मिश्रणाची चीनमधील २६ रुग्णालयांत १६४८ रुग्णांवर प्लासिबोशी तुलना करण्यात आली, आणि ९० दिवसांनंतर दोन्ही गटांतील रुग्णांच्या प्रकृतीत काहीही फरक दिसला नाही. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२४ साली हा नकार छापला. एका औषधाला होकार आणि दुसऱ्याला नकार देऊ शकणारी पद्धत अस्तित्वात आली, म्हणूनच तिच्या होकाराला वजन आले.

याच कारणाने एका औषधाचे यश संपूर्ण परंपरेच्या खात्यावर जमा करता येत नाही. चिनी संशोधक तू योयो यांनी चौथ्या शतकातील गे होंग यांच्या ग्रंथातून सूचना घेऊन, १९७१ साली छिंगहाव या वनस्पतीचा अर्क उष्णतेऐवजी ईथरच्या साहाय्याने कमी तापमानाला काढला, त्यातून मलेरियावरील आर्टेमिसिनिन हाती आले, आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातून एका रेणूचा एका रोगावरचा गुण सिद्ध झाला, उरलेल्या हजारो काढ्यांचा नव्हे.

दीर्घ वापर हा सुरक्षिततेचाही पुरावा ठरत नाही. १९९०च्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्यासाठी दिलेल्या गोळ्यांत, नामसाधर्म्यामुळे एका चिनी वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया प्रजातीतील वनस्पती मिसळली गेली आणि शंभराहून अधिक महिलांना मूत्रपिंडाचा गंभीर विकार जडला. तिच्यातील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रमार्गाच्या कर्करोगालाही कारण ठरते. परंतु हा परिणाम अनेक वर्षांनी दिसत असल्यामुळे, एकेका वैद्याच्या अनुभवातून तो औषधाशी जोडला जाणे जवळजवळ अशक्य होते.

आयुर्वेदाची परंपरा लाभलेल्या समाजाला हा सारा विचार परका नाही. पुण्यातील डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली गुडघ्याच्या संधिवातावर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुहेरी अंध चाचणीत ४४० रुग्णांवर आयुर्वेदिक मिश्रणांची ग्लुकोसमाइन व सेलेकॉक्सिब या प्रचलित औषधांशी तुलना झाली. मिश्रणे त्यांच्या बरोबरीची ठरली, आणि काही रुग्णांच्या यकृतातील एका विकराचे रक्तातले प्रमाण वाढल्याचे व औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाल्याचेही त्याच निबंधात नमूद केले गेले. गुण आणि दोष अशा रीतीने एकाच पानावर नोंदवणे, हाच परंपरेचा आणि तिच्यावर विश्वास टाकणाऱ्या रुग्णाचाही खरा सन्मान आहे.