ऐकू येते, पण कळत नाही

चैत्र पौर्णिमेला पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाच्या सासनकाठ्या नाचू लागतात आणि ढोलांच्या गजरात ‘चांगभलं’चा घोष उठतो, तेव्हा बापाचा हात धरून उभे असलेले आठ-नऊ वर्षांचे पोर त्या तालावर डोलताना पाहून आईबापांची खातरजमा होते, की शाळेतून आलेली तक्रार निराधार आहे, याला ऐकू सगळे येते, नुसते लक्ष नसते. श्रवणशक्ती क्षीण होत चाललेल्या मुलावर होणारा पहिला अन्याय हाच होय.

ढोलाचा नाद मंद्र आणि बलवान असतो. स, श, त, ख ही व्यंजने उच्च स्वराची आणि दुर्बळ असतात. कित्येकदा ऱ्हासाचा आरंभ त्या उच्च स्वरांपासूनच होतो. म्हणून कोणीतरी बोलत आहे हे मुलाला कळते, काय बोलत आहे ते कळत नाही. ओठांवरून ओळखावे म्हटले तर प, भ आणि म यांची ठेवण एकसारखीच दिसते, त्यामुळे स्वयंपाकघरातले पाट, भात आणि माठ हे तिन्ही शब्द त्याच्या डोळ्यांना एकच भासतात. असे मूल दिवसभर तर्क लढवते, इतर हसले की हसते, आणि संध्याकाळी घरी येते ते थकून, चिडून. त्या चिडण्याला आपण हट्ट म्हणतो.

कारणे अनेक आहेत. आनुवंशिक दोष, गोवर, गालगुंड, मेंदूज्वर, जेंटामायसिनसारखी काही औषधे, आणि आपल्याकडे सर्रास आढळणारे कान वाहणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बालपणीच्या श्रवणदोषांपैकी सुमारे 60 टक्के टाळता येण्याजोगे असतात. वाहत्या कानात तेल घालण्याचा घरगुती उपाय पडद्याला छिद्र असल्यास अपायकारक ठरतो, आणि एकाएकी ऐकू येईनासे झाल्यास पहिले काही दिवसच उपचाराच्या दृष्टीने मोलाचे असल्याने ‘सर्दी उतरली की बघू’ म्हणणे महागात पडते. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, ज्याला सारा जिल्हा सीपीआर म्हणतो, कान-नाक-घसा विभाग आहे. तिथवर जाण्यास विलंब करू नये. शाळांतून वर्षातून एकदा मुलांची तपासणी करणारी बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके येतात, त्यांनाही ही शंका स्पष्ट सांगावी. मात्र एका तपासणीने भागत नाही, कारण ऱ्हास सरकत असतो; आज बसवलेले कानाचे मशीन वर्षाने अपुरे पडू शकते.

मशीन मिळाले म्हणजे बंदोबस्त झाला, असे समजण्याची चूक मी पुष्कळ सुजाण घरांतही पाहिली आहे. मशीन आवाज मोठा करते, गोंगाटही तितकाच मोठा करते, आणि दोन-चार हातांपलीकडे त्याचा उपयोग झपाट्याने घटतो. पन्हाळ्यावर आषाढात पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाखाली भरलेल्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला ते काय कामाचे? दमट हवा मशीनलाही मानवत नाही. रात्री ते ओलावा शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या बंद डबीत ठेवावे लागते.

कायद्याची एक बाजू खेदाने नमूद करावी लागते. दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा 2016 चा अधिनियम दोन्ही कानांतील ऱ्हास 60 डेसिबलपर्यंत पोचल्यावर श्रवणदोषाची गणना करतो, आणि साधे संभाषणही साधारण 60 डेसिबलचेच असते. 45 डेसिबल गमावलेले मूल दाखल्याला अपात्र ठरते, परंतु वर्गातला मोठा भाग त्याने गमावलेला असतो. त्याच्यासाठी सवलतीच्या हुकुमाची वाट न पाहता जे करायचे ते घराने आणि शाळेनेच करावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

आणि ते फार नाही. समोर येऊन, तोंडावर उजेड असताना, न ओरडता बोलावे. एका वेळी एकानेच बोलावे. ‘काय म्हणालात?’ असे मुलाने विचारले असता ‘काही नाही, असू दे’ हे उत्तर कधीही देऊ नये, कारण त्या चार शब्दांनी मूल घराबाहेर टाकले जाते. काही ऐकू येत असतानाच खुणांची भाषा शिकवण्यास पुष्कळ पालक कचरतात, जणू ती पराभवाची कबुली आहे. वस्तुतः जे मूल उद्या कदाचित काहीच ऐकणार नाही, त्याच्या हाती आजच दुसरी भाषा देणे ही तजवीज आहे, आणि तिने त्याचे बोलणे मुळीच खुंटत नाही.

चौथीच्या वर्गात 1660 च्या जुलैतील ती रात्र शिकवली जाते: पन्हाळ्याचा वेढा, पालखी, खिंडीत लढणारे बाजीप्रभू आणि विशाळगडावरून येणाऱ्या तोफांच्या आवाजाची प्रतीक्षा. पन्हाळ्याच्या गुरुजनांना माझी विनंती आहे, की ही कथा सांगताना फळ्याकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून सांगावी, आणि ज्याच्याविषयी शंका असेल त्याला त्या दिवसापासून पहिल्या बाकावर बसवावे.