उष्टावण झाले, पुढे काय?

उष्टावण आपल्याकडे हौसेने होते. बाळ मामाच्या मांडीवर बसते, वाटीतली खीर त्याच्या ओठाला लागते, फोटो निघतात. दुसऱ्या दिवसापासून त्याला काय भरवायचे, हे मात्र पुष्कळ घरी ठरलेले नसते. मुलाची पुढची वाढ पहिल्या दोन वर्षांवर फार अवलंबून असते, म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

मुलाचे उष्टावण सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात, अशी रीत आहे. ती जरूर पाळावी, पण जेवणाची सुरुवात मुहूर्तावर सोडू नये. मुलीला पाचव्यात घाई नको आणि मुलाला आठव्यापर्यंत ताटकळत ठेवणेही नको. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. सहा पूर्ण होताच घट्ट आहार सुरू करावा आणि आईचे दूध दोन वर्षे किंवा त्याहून अधिक चालू ठेवावे. जन्मताना शरीरात साठलेले लोह या सुमारास संपत येते व एकट्या दुधाने ती उणीव भरत नाही.

आता आजीबाईंच्या आवडत्या वरणाच्या पाण्याविषयी. बाळाचे जठर वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर धरतात. म्हणजे सात किलोच्या बाळाचे पोट एका वाटीत भरते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय रोज सुमारे २०० कॅलरी लागतात. ती वाटी वरणाच्या किंवा भाताच्या पाण्याने भरली, तर पोट फुगते आणि अंगाला काही लागत नाही. बाळ शांत झोपते, म्हणून आपल्याला वाटते की ते जेवले! त्याऐवजी तांदूळ व मूगडाळीचा गुरगुट्या भात कुस्करून, वर चमचाभर तूप किंवा तेल घालून द्यावा. चमचा तिरपा केला तर ओघळून जाणार नाही, इतका तो घट्ट हवा. घरच्याच पातेल्यातून, तिखट-मीठ घालण्यापूर्वी बाळाचे काढून ठेवावे. पुढे भाजी, फळ, आणि घरात चालत असेल तर अंडे. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा आणि नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा भरवावे. वर्षाच्या आत मध चाटवू नये.

डाळ निवडताना एक काळजी घ्यावी. आपल्या भागात धान निघाल्यावर बांधीत लाखोळी पेरतात, हिंदीत तिला तिवडा म्हणतात. तिच्यात मज्जासंस्थेला घातक असा घटक असतो. महिनोन् महिने तेच मुख्य अन्न झाले तर पाय लुळे पडतात. बाळासाठी तूर किंवा मूगच बरी.

आई-वडील खाणीवर किंवा शेतावर कामाला जातात, त्या घरी सकाळची खिचडी दुपारी भरवली जाते. वैशाखात ती दोन तासांतच धोक्याची होऊ शकते. अशा घरी तांदूळ व डाळ भाजून दळलेले पीठ डब्यात ठेवावे आणि वेळेवर पाण्यात शिजवून द्यावे. भरवणाऱ्याने हात साबणाने धुवावेत.

विद्यार्थी मित्रांनो, दुपारी धाकट्या भावंडाला सांभाळणारे तुम्हीच असता. त्याला चहात बुडवलेले बिस्किट देऊ नका. चहामुळे जेवणातले लोह अंगी लागत नाही. फुटाणे, शेंगदाणे, बोरे लहान बाळाच्या हाती देऊ नका, ती श्वासनळीत अडकतात. बाळाला श्वास घेता येईना, रडता येईना, तर आधी मोठ्यांना हाक मारा. वर्षाच्या आतले बाळ असेल, तर त्याला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा माराव्यात. न दिसणारी वस्तू बोट घालून काढू नये, ती आणखी आत जाते. वस्तू निघाली नाही, तर बाळाला उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबावे, पुन्हा थापा माराव्यात, आणि हे करत करतच दवाखाना गाठावा.