पहिली पिचकारी वाया का घालवायची?

जमिनीखालून जाणाऱ्या स्टीलच्या पाइपलाइनवरचा गंजरोधक लेप बहुतेक सगळा कारखान्यातच बसतो. तिथे पाइप साफ करून, तापवून, मोजूनमापून लेप दिला जातो. पण पाइपांची दोन्ही टोकं मुद्दाम उघडी ठेवावी लागतात, कारण साइटवर ती एकमेकांना वेल्ड करायची असतात. वेल्डिंग झालं की मागे उरतो हातभर रुंदीचा उघडा पट्टा. याला फील्ड जॉइंट म्हणतात. १२ मीटरचे पाइप धरले तर एका किलोमीटरला असे ८३ पट्टे येतात, आणि प्रत्येकावर लेप द्यायचा तो उन्हावाऱ्यात, खड्ड्यात उभं राहून. लेपाची दुखणी बहुधा इथूनच सुरू होतात.

हा लेप साधा ऑइल पेंट नसतो. तो दोन भागांत येतो: एक रेझिन आणि दुसरा हार्डनर. दोन्ही एकत्र आले की रासायनिक क्रिया होऊन जाळं तयार होतं आणि लेप कडक होतो. इथे 'वाळणे' हा शब्द तसा चुकीचा आहे, कारण उडून जाण्यासारखं त्यात फारसं काही नसतंच. रेझिनच्या प्रत्येक टोकाला हार्डनरचा जोडीदार मिळावा लागतो. हार्डनर जास्त पडला तर बिनजोडीचा हार्डनर लेपात तसाच राहतो आणि पाणी ओढतो. कमी पडला तर जाळं अर्धवट राहतं, लेप मऊ किंवा ठिसूळ होतो. दिसायला मात्र दोन्ही वेळा चकचकीत!

साइटवर जेव्हा डब्यातून हाताने कालवतात, तेव्हा पट्टा छोटा म्हणून अख्खा डबा कोणी फोडत नाही. अर्धा डबा हा, अर्धा तो, असा अंदाजपंचे कारभार चालतो. वर बादलीत एकगठ्ठा कालवलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि ब्रश फिरवता फिरवता घट्ट होऊ लागतं. पॉलियुरियासारखे लेप तर काही सेकंदांतच धरतात, त्यांना बादलीत कालवायची सोयच नाही. मोठी दुहेरी पंपाची मशीन हे काम उत्तम करते. पण दोन-चार जॉइंटसाठी ती खड्ड्यापर्यंत न्यायची, तापवायची आणि संध्याकाळी सॉल्व्हंटने धुवायची, हे कुणाला परवडत नाही.

या दोन टोकांच्या मधली सोय म्हणजे कार्ट्रिज स्प्रे गन. (मराठीत काडतूस म्हणायला हवं खरं, पण साइटवर तसं म्हणालात तर लोक दचकतील.) दोन प्लास्टिकच्या नळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या असतात, एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोघांच्या मागे एकेक पिस्टन. गनमधली हवा दोन्ही पिस्टन एकाच वेळी, सारख्याच वेगाने पुढे ढकलते. प्रमाण ठरतं ते नळ्यांच्या जाडीवरून. नळ्या सारख्या असतील तर १:१, एकीचं क्षेत्रफळ दुप्पट असेल तर २:१. म्हणजे मोजमाप पेंटरच्या हातातून काढून कारखान्यातल्या साच्याकडे दिलं आहे. कल्पना इतकी साधी आहे की पुढचं सगळं आपोआप होईल असं वाटतं. तसं होत नाही.

नळ्यांच्या तोंडाला एक लांब प्लास्टिकची नळी लागते, तिला स्टॅटिक मिक्सर म्हणतात. नाव मिक्सर, पण आत फिरणारं काहीच नाही. पिळदार पात्यांची एक रांग असते, एक पातं उजवीकडे पिळलेलं, पुढचं डावीकडे, आणि प्रत्येक पातं आधीच्याशी काटकोनात. हे द्रव इतके घट्ट आणि नळी इतकी बारीक, की आत भोवरे उठणं शक्यच नसतं. हिशोब करून बघू. १३ मिलिमीटरची नळी, सेकंदाला ५ मिली प्रवाह आणि पाण्याच्या २००० पट घट्ट द्रव घेतला, तर रेनॉल्ड्स अंक १ च्याही खाली येतो. नळीत खळबळाट सुरू व्हायला तो साधारण २००० च्या वर लागतो. म्हणजे ढवळून मिसळणं बादच.

मग मिसळतं कसं? घडीच्या पोळीसारखं. पोळीत एक घडी घातली की दोन पदर, आणखी एक घातली की चार. प्रत्येक पातं प्रवाह कापतं आणि पुन्हा एकमेकांवर ठेवतं, म्हणजे थर दुप्पट होतात. १२ पात्यांनंतर २ चा १२ वा घात, म्हणजे ४०९६ थर. १३ मिलिमीटरला ४०९६ ने भागलं की एक थर सुमारे ३ मायक्रॉनचा. यापुढचं काम रेणू स्वतः इकडून तिकडे सरकून करतात. त्याला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गावर अवलंबून असतो. जाडी साडेसहा मिलिमीटरवरून ३ मायक्रॉनवर आली, म्हणजे सुमारे २००० पट घटली, की वेळ घटतो ४० लाख पट! नळीची सगळी करामत या एका आकड्यात आहे.

आता मुख्य मुद्दा. स्टॅटिक मिक्सर आडवा मिसळतो, मागचं-पुढचं मिसळत नाही. एका क्षणी नळीत शिरलेल्या रेझिन-हार्डनरच्या थरांना तो बारीक करेल. पण पहिली दोन सेकंदं नुसतं रेझिन आलं आणि हार्डनर मागून आला, तर ती चूक दुरुस्त करायची ताकद त्याच्यात नाही. जे प्रमाण आत गेलं तेच बाहेर येतं. आणि सुरुवातीला प्रमाण चुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

त्याची कारणं तीन. एक, दोन्ही पिस्टन अगदी एका रेषेत बसलेले नसतात, एक भाग कणभर आधी बाहेर येतो. दोन, एखाद्या नळीत हवेचा बुडबुडा असतो. दाब आला की तो आधी दबतो, आणि तेवढा वेळ त्या बाजूचा माल पुढे सरकतच नाही. ट्रिगर सोडला की तोच बुडबुडा फुगतो आणि नको तेव्हा माल ढकलतो. तीन, दोघांचा घट्टपणा वेगवेगळा असतो. पातळ भाग मोकळ्या मिक्सरमध्ये पुढे धावतो, घट्ट मागे रेंगाळतो.

तिसऱ्या कारणावर इलाज आहे तापमान. बिनभेसळीचं साधं द्रव इपॉक्सी रेझिन २५ अंशांना पाण्याच्या दहा हजार पटीहून घट्ट असतं, ५० अंशांना ते हजार पटीच्या आसपास येतं. म्हणून कार्ट्रिज वापरण्याआधी हीटर बॉक्समध्ये ठेवतात. किती अंशांना आणि किती वेळ, ते लेपाच्या डेटाशीटमध्ये दिलेलं असतं आणि तेच पाळायचं. प्लास्टिक आणि रेझिन दोन्ही उष्णतेचे वाईट वाहक आहेत. बाहेरून हाताला गरम लागणारी नळी मध्यभागी गार असू शकते. उन्हात टेकवून ठेवलेली कार्ट्रिज एका अंगाने तापते, म्हणजे दोन नळ्यांचं तापमान वेगळं होतं, ते तर आणखी वाईट. दुसरीकडे, तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणून 'थोडं जास्तच तापवू' हेही चालत नाही.

जोडणीचा क्रम आता समजायला सोपा जाईल. कार्ट्रिज गनमध्ये बसवा, तोंड वर करा, बूच काढा. मिक्सर लावायची घाई नको. तोंड वर ठेवूनच हळूच ट्रिगर दाबा, म्हणजे बुडबुडे आधी निघतील, आणि दोन्ही भोकांतून माल सारखा येऊ लागेपर्यंत थांबा. ते पुसून टाका. पुसताना एका भोकाचं दुसऱ्याला लागू देऊ नका, नाहीतर तिथेच खपली धरेल. मग मिक्सर आणि त्याची चकती घट्ट बसवा, फवाऱ्याच्या हवेची नळी टोकाला जोडा. आधी हवा सुरू, मग माल. थांबताना उलट: आधी माल बंद, मग हवा, म्हणजे टोकाशी थेंब साचत नाही. काही गनमध्ये ट्रिगरच हा क्रम सांभाळतो, तरी आपल्या गनचं एकदा पाहून घ्यावं.

हवेचे दाब दोन असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक माल ढकलतो, दुसरा टोकाशी त्याचे थेंब फोडतो. फवारा जाडसर, ठिपक्याठिपक्यांचा येत असेल तर ढकलायचा दाब वाढवून उपयोग नाही. त्याने माल जास्त येईल आणि थेंब आणखी मोठे होतील. फोडणारी हवा वाढवा, किंवा माल पुरेसा तापलाय का ते बघा. दाब वाचायचा तो गनपाशी आणि हवा वाहत असताना. तीस मीटर होजच्या पलीकडे, कॉम्प्रेसरवरच्या काट्याला काही अर्थ नसतो. हवा कोरडी आणि तेलविरहित हवी, पावसाळ्यात तर वॉटर ट्रॅप दर थोड्या वेळाने रिकामा करावाच लागतो.

आणि मग ती पहिली पिचकारी. ती पुठ्ठ्यावर मारायची, पाइपवर नाही. मिक्सर पूर्ण भरून एकसारखा रंग येईपर्यंत माल वाया घालवायचा. अनेक उत्पादक दोन भागांना वेगळे रंग देतात, त्यामुळे पट्टे दिसले तर लगेच कळतं. पण रंग एकसारखा आला म्हणजे प्रमाण बरोबर आहे असं सिद्ध होत नाही, फक्त मिसळण झाली एवढंच कळतं. माझ्या मते हाताखालच्या माणसाला एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल तर ही शिकवावी. ६१० मिलिमीटर व्यासाच्या पाइपवर ४० सेंटिमीटरचा पट्टा म्हणजे पाऊण चौरस मीटरच्या जरा वर. १ मिलिमीटर जाडीला सुमारे ७७० मिली माल लागतो, १५०० मिलीची कार्ट्रिज घेतली तर नासाडी धरूनही पुरून उरतो. पुठ्ठ्यावर गेलेल्या थोड्या मालासाठी जीव खालीवर करायचं कारण नाही.

मध्येच थांबलात तर घड्याळ बघा. मिक्सरमधला माल मिसळलेला आहे, तो तिथेच धरायला लागतो. डेटाशीटमधल्या वेळेच्या पुढे गेलात तर मिक्सर फेकून नवा लावा आणि पुन्हा पुठ्ठ्यावर पिचकारी मारा. अर्धवट धरलेला मिक्सर जोर लावून मोकळा करायला गेलात, तर एक बाजू तुंबते आणि प्रमाण बिघडतं. कधी कधी कार्ट्रिजच फुटते.

पृष्ठभागाची तयारी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे एवढंच: ब्लास्टिंग साधारणपणे एसए अडीच दर्जाचं, धूळ नाही, मीठ नाही, आणि स्टीलचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर. कोकणपट्टीत हे शेवटचं कलम फार छळतं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या थोडा वर येतो, म्हणजे स्टील निदान साडेएकोणतीस हवं. रात्रभर गार पडलेला पाइप सकाळी आठला तिथवर आलेला नसतो. ओलसर पाइपवर अमाइन हार्डनरच्या लेपावर चिकट पांढुरका थर येतो आणि पुढचा हात त्यावर धरत नाही. आयसोसायनेट असलेल्या लेपात ओल्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि लेपात फोड येतात.

आयसोसायनेटवरून आठवलं, दुकानातला कागदी मास्क त्याच्या फवाऱ्यापुढे कुचकामी आहे. त्याने दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी अत्यल्प प्रमाणही झटका आणतं. मग त्या माणसाचं पेंटिंगचं काम कायमचं सुटतं. खड्ड्यात फवारणी असेल तर बाहेरून श्वासायोग्य हवा पुरवणारा मुखवटा हवा, आणि ती हवा गनच्या कॉम्प्रेसरची नव्हे. गन छोटी म्हणून काळजी छोटी, असा एक गोड गैरसमज सर्रास दिसतो.

तपासणीत जाडी मोजतात आणि ठिणगी पाडून सूक्ष्म भोकं शोधतात. दोन्ही आवश्यक, पण चुकीच्या प्रमाणातला लेप या दोन्ही परीक्षा आरामात पास होतो. त्याला पकडायला कडकपणा मोजावा लागतो. त्याहून चांगलं म्हणजे त्याच कार्ट्रिजमधून एका चाचणीच्या पत्र्यावर फवारून ठेवायचं आणि लेप कडक झाल्यावर त्यावर डॉली चिकटवून ओढून बघायचं. ओढून बघणं म्हणजे लेप फोडणंच, म्हणून ते पत्र्यावर केलेलं बरं.

एवढी मेहनत एका पट्ट्यासाठी का, असं कुणी विचारतं. पुरलेल्या पाइपलाइनला लेपाशिवाय कॅथोडिक प्रोटेक्शनचंही संरक्षण असतं, म्हणजे गंज रोखणारा विद्युतप्रवाह दिलेला असतो. पाइप कुठे पूर्ण उघडा पडला तर हा प्रवाह तिथे पोचतो आणि बऱ्याच अंशी सांभाळून घेतो. पण लेप अंगावर आहे आणि चिकटलेला मात्र नाही, अशा ठिकाणी त्याच्याखाली पाणी शिरतं आणि तोच लेप प्रवाहाला अडवतो. बाहेरून घेतलेलं मापन अशा जागी ठीकठाक दिसू शकतं. त्या पट्ट्यापुरता वाईट लेप हा लेप नसण्यापेक्षा वाईट.

उरलेली कार्ट्रिज परत वापरायची असेल तर मिक्सर काढा, दोन्ही भोकं वेगवेगळ्या फडक्याने पुसा आणि मूळ बूच त्याच बाजूने बसवा. उलटं बसलं तर रेझिनकडचं टोक हार्डनरमध्ये जातं आणि पुढच्या वेळी बूचच निघत नाही. नळीवर तारीख आणि बॅच क्रमांक लिहून ठेवा, जॉइंटच्या नोंदीतही तोच क्रमांक टाका. आयसोसायनेटचा न मिसळलेला माल पाणी लागलेल्या डब्यात घट्ट झाकून ठेवू नका. आत वायू साचून डबा फुगतो, फुटूही शकतो.